पहिली स्पोर्ट्स बाइक : शोरूमला जाण्याआधी घरात बोलायच्या गोष्टी

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच विषय निघतो. मुलाला गाडी हवी असते. पूर्वीची मुले नुसती 'बाइक हवी' म्हणायची, आताचा मुलगा मॉडेल आणि रंगासकट सांगतो. अम्मी म्हणते, अब्बांना विचार. अब्बा कुवेत, दम्माम नाहीतर दुबईला. सुट्टीच्या दिवशी फोन येतो, मुलगा फोटो पाठवतो, आणि समुद्रापलीकडे बसलेल्या बापाला अशा गाडीबद्दल हो किंवा नाही म्हणायचे असते, जी त्याने आयुष्यात कधी चालवलेली नसते. रत्नागिरी-रायगडकडच्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. पण सोलापूर, मालेगाव, भिवंडीतही प्रकार फार वेगळा नाही.

स्पोर्ट्स बाइकला आमचा विरोध नाही. सरसकट 'नाही' म्हणणाऱ्या घरांत पुढे काय होते, ते आपण सगळेच पाहतो. मुलगा मित्राची गाडी 'एक राउंड' म्हणून मागून घेतो. ती गाडी त्याच्या हाताची नसते, तिचा ब्रेक कुठे लागतो हे त्याला ठाऊक नसते, डोक्यावर हेल्मेट नसते आणि मागे आणखी एक मित्र बसलेला असतो. यापेक्षा घरात बसून मशवरा करावा, गाडी समजून घ्यावी आणि मग ठरवावे, हे बरे. 'हो' म्हणणे मात्र स्वस्तात पडू नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

आधी ही गाडी वेगळी कशात आहे ते पाहू. पुढून-बाजूंनी फायबरचे आवरण, खाली आणि जवळ आलेले हँडल, मागे सरकलेले फूटरेस्ट, उंच सीट. चालवणारा टाकीवर वाकून बसतो आणि अंगाचा बराच भार मनगटांवर येतो. हे सगळे वेगात वारा कापण्यासाठी आणि वळणावर गाडी झुकवण्यासाठी केलेले आहे. बाजारातून भाजी आणण्यासाठी नाही. दुसरा फरक इंजिनात असतो आणि तो फोटोत दिसत नाही. घरातली जुनी स्प्लेंडर साधारण ८ हॉर्सपॉवरची असते. यामाहा आर१५ चे इंजिन १५५ सीसीचे, म्हणजे दुप्पटही नाही. तरी ताकद १८ हॉर्सपॉवर, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि ही पूर्ण ताकद इंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्या मारते तेव्हा मिळते. सावकाश चालवताना गाडी अगदी गरीब वाटते. मुलगा म्हणतो, बघा, किती सोपी आहे! मग एक दिवस मोकळा रस्ता मिळतो, रेस जास्त पिळली जाते, साडेसात हजार फेऱ्यांच्या आसपास इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी एकदम सुटते. नवशिक्याला घोटाळ्यात टाकणारी जागा तीच.

आपल्याकडचा कायदा इथे मदतीला येत नाही. १८ वर्षे पूर्ण झाली आणि गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स हातात आले, की त्याच लायसन्सवर मुलगा १०० सीसीची गाडीही चालवू शकतो आणि 'धूम' चित्रपटामुळे घरोघरी पोचलेली तेराशे सीसीची हायाबुसाही. ब्रिटनमध्ये असे चालत नाही. तिथे १७ व्या वर्षी मिळणाऱ्या लायसन्सवर १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, म्हणजे सुमारे १५ हॉर्सपॉवर, एवढीच परवानगी आहे. १९ व्या वर्षी पुढची पायरी ३५ किलोवॅटची, आणि कितीही मोठी गाडी थेट चालवायची असेल तर २४ वर्षे पूर्ण हवीत. आपल्याकडे 'छोटी स्पोर्ट्स बाइक' समजली जाणारी आर१५ तिथल्या सतरा वर्षांच्या मुलाला चालवताच येणार नाही. त्याच्यासाठी यामाहाची १२५ सीसीची वेगळी आवृत्ती असते. आपल्याकडे पायऱ्या सरकारने बांधलेल्या नाहीत, म्हणून त्या घरात बांधाव्या लागतात.

त्या कशा बांधायच्या, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. ज्याने आजवर फक्त ऑटोमॅटिक स्कूटर चालवली, त्याने आधी घरातली साधी गिअरची गाडी निदान सहा महिने रोज चालवावी. घरात नसेल तर चाचा-मामूंची. त्यानंतर पहिली स्पोर्ट्स बाइक १५० ते १६० सीसीच्या गटातली. या गटात सुझुकीची जिक्सर एसएफ सर्वांत शांत स्वभावाची. ताकद साडेतेरा हॉर्सपॉवरच्या आसपास, हँडल फार खाली नाही, सीट ७९५ मिलिमीटर. मुलांना ती 'तेवढी स्पोर्टी' वाटत नाही, पण पहिल्या गाडीच्या बाबतीत तोच तिचा गुण आहे. आर१५ ही याच गटातली जास्त तिखट गाडी. २००८ पासून आपल्याकडे विकली जाते, चेसिस आणि ब्रेक उत्तम आहेत. ज्याचा हात साध्या गाडीवर बसला आहे, त्याला ती शिकवते. बजाजची पल्सर आरएस २०० आणि पुण्याजवळ चाकणला बनणारी केटीएम आरसी २०० या दोन्ही २४-२५ हॉर्सपॉवरच्या. त्यांना आम्ही पहिली गाडी म्हणणार नाही. दोन-तीन वर्षे गिअरची गाडी चालवलेल्याला ठीक. ३७३ सीसीची आरसी ३९० सुमारे ४३ हॉर्सपॉवरची आणि कावासाकी निंजा ३०० सुमारे ३८ ची. अठरा वर्षांच्या मुलाची पहिली गाडी म्हणून या नावांवर चर्चाही नको. पैसे आहेत म्हणून तर नकोच.

सीसीनंतर अंग. ही बाब दुकानात कोणी सांगत नाही. जिक्सरची सीट ७९५, आर१५ ची ८१५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम पाऊण इंचाचा फरक. पण साडेपाच फुटांच्या मुलासाठी पाय टेकण्यात आणि फक्त बोटे टेकण्यात तेवढाच फरक असतो. गाडी दीड क्विंटलच्या आसपास असते. ती चालताना पडत नाही, उभी असताना पडते. सिग्नलला, उताराच्या अंगणात, मशिदीबाहेरच्या गर्दीत गाडी काढताना. म्हणून शोरूममध्ये मुलाला नुसते बसवून फोटो काढू नका. बूट घालून बसू द्या. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का? इंजिन बंद ठेवून गाडी पायांनी मागे ढकलता येते का? हँडल पूर्ण वळवून आपल्या गल्लीएवढ्या जागेत वळवता येते का? या गाड्यांचे हँडल साध्या गाडीइतके वळत नाही, हे पहिल्या दिवशी मोहल्ल्यातच कळते. टेस्ट राइड अर्धा तास मागा. मनगट आणि कंबर पाच मिनिटांत बोलत नाहीत.

फायबरशिवायची बहीण हाही एक पर्याय आहे. बहुतेक स्पोर्ट्स बाइकना तीच किंवा जवळजवळ तीच इंजिने असलेल्या उघड्या गाड्या असतात. आर१५ ची एमटी-१५, आरएस २०० ची एनएस २००, जिक्सर एसएफची साधी जिक्सर. हँडल वर, बसणे सरळ, वळवायला सोपी, आणि उभ्या उभ्या पडली तर हजारो रुपयांचे फायबर तडकत नाही. नवशिक्याची गाडी एकदा तरी पडतेच, असे धरून चाला.

ब्रेकबद्दल तडजोड नको. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे होऊन बरीच वर्षे झाली. पण काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते, काहींत दोन्ही चाकांना. विक्रेत्याला सरळ विचारा, सिंगल चॅनेल की ड्युअल चॅनेल? चार-सहा हजारांच्या फरकासाठी सिंगल घेऊ नका. घाबरलेला नवशिका सवयीने पायाचा ब्रेक कचकन दाबतो. एबीएस नसलेले मागचे चाक तिथेच थांबून घसरते. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल आणि धूळ एक झालेली असताना, याचा अर्थ काय होतो, ते कशेडी किंवा परशुराम घाटातून जा-ये करणाऱ्यांना विचारावे. स्लिपर क्लच हाही दिखाऊ प्रकार नाही. घाईत एकदम खालचा गिअर पडला तर मागच्या चाकाला बसणारा झटका तो कमी करतो.

आता मागच्या सीटकडे वळू. खरेदीच्या वेळी तिचा विचार कोणी करत नाही, आणि घरातल्या बायकांना बसायचे मात्र तिथेच असते. स्पोर्ट्स बाइकची मागची सीट उंच, अरुंद आणि पुढे उतरती. धरायला नीट काही नाही. अम्मी किंवा आपा त्यावर एका बाजूला बसल्या, तर एका खड्ड्यात तोल जाऊ शकतो. त्याहून मोठा धोका कपड्यांचा आहे. बुरख्याचा घेर, ओढणी किंवा साडीचा पदर चाकात अथवा चेनमध्ये अडकला की बसणारी व्यक्ती क्षणात मागे ओढली जाते. गळ्याला फास बसून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३ व्या नियमात मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजे आपला साडी गार्ड, सांगितलेला आहे. मुले काय करतात? गाडी घरी आली की 'लुक बिघडतो' म्हणून पहिल्याच आठवड्यात साडी गार्ड काढतात आणि नंबर प्लेटचा दांडाही कापतात. हे गाडी घेण्याआधी ठरवून घ्या. साडी गार्ड निघाला तर चावी परत. आणि गार्ड असला तरी ओढणी व बुरख्याचा मागचा घेर मांडीखाली घट्ट घेऊनच बसायचे, दोन्ही बाजूंना पाय टाकून. ते जमणार नसेल, तर घरच्या बायकांसाठी स्कूटर निराळी असू द्या. ही गाडी मग एकट्याचीच आहे, हे हिशेबात धरा.

मुलीलाही अशी गाडी हवी असेल तर? वरचे सगळे तिलाही तसेच लागू. सीटची उंची थोडी जास्त काळजीने पाहावी, आणि चालवताना सैल ओढणीऐवजी आटोपशीर बांधलेला हिजाब व वरून जाकीट. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ साली मोटारसायकल शर्यतींतला महिलांचा एफआयएम बाहा विश्वचषक जिंकला, तेव्हा 'मुलींना जमत नाही' हा मुद्दा निकाली निघाला असे समजू.

पैशांची बाजू थोडी सविस्तर पाहू, कारण इथे आखातातल्या बापाचे कष्ट आहेत. जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. तिच्यावर रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा चढतो. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. मोठी गाडी न घेण्याचे हेही एक कारण. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ च्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये आणि त्यावर १५,११७ रुपये, कर वेगळा. या रकमेत हेल्मेट, हातमोजे, जाकीट आणि घोटा झाकणारे बूट हे सारे पहिल्याच दिवशी धरायचे. 'नंतर घेऊ' म्हटलेले हातमोजे कधीच येत नाहीत. आणि एवढ्या सगळ्याला पैसे पुरत नसतील, तर गाडी लहान करा. सूद देऊन हप्त्यांवर मोठी गाडी घेण्यापेक्षा भिशी लागेपर्यंत थांबलेले बरे, असे आमच्या बहुतेक वाचकांना वाटते. नुसता हिशेब केला तरी तेच उत्तर येते.

विम्यातली एक गोष्ट मात्र पुष्कळ घरांना माहीत नसते. पैसे अब्बांचे म्हणून गाडी अब्बांच्या नावावर घेतात. चालवतो मुलगा. मालक-चालकासाठी जो १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, तो लायसन्सधारक मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचा आहे. मालक कुवेतमध्ये आणि गाडीवर मुलगा, अशा वेळी मुलगा स्वतःच्या चुकीने पडला, तर त्या १५ लाखांवर त्याचा हक्क उभा राहत नाही. थर्ड पार्टी विमाही त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण मालकाची गाडी मागून चालवणारा मालकाच्याच जागी धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच सांगितले. म्हणून मुलगा १८ पूर्ण आणि लायसन्सधारक असेल तर गाडी त्याच्याच नावावर घ्या, नाहीतर पॉलिसीत नाव न दिलेल्या चालकासाठी आणि मागे बसणाऱ्यासाठी वेगळे अपघात संरक्षण जोडून घ्या. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीवर मागे बसलेल्याची भरपाईही अडते. एजंटाच्या तोंडी 'सगळं कव्हर आहे' यावर जाऊ नका, पॉलिसीच्या कागदावर ती ओळ दाखवायला सांगा.

जुनी गाडी स्वस्त मिळते, हे खरे. पण जुनी स्पोर्ट्स बाइक म्हणजे बहुधा दुसऱ्या एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाची गाडी. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांची टोके, हँडलची टोके, फूटरेस्टच्या कडा घासलेल्या आहेत का पाहा. तिथे खरचटले असेल तर गाडी पडलेली आहे, फायबर कितीही चकचकीत असो. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे ओळखीच्या मेकॅनिकला चालवून पाहायला सांगा. चेसिस नंबर आरसीशी जुळवा, कर्ज बाकी नाही याची खात्री करा, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या होऊन नाव बदलेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

हेल्मेट पूर्ण तोंडाचे, आयएसआय शिक्क्याचे. जून २०२१ पासून त्या शिक्क्याशिवायचे दुचाकीचे हेल्मेट विकणेच बेकायदा आहे, तरी फूटपाथवर मिळते. मापाचे घ्या, आणि पट्टा हनुवटीखाली लावलेला असू द्या. खाली पातळ सुती टोपी चालते, जाड कडेची टोपी नको, हेल्मेट नीट बसत नाही. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक अपघातांत गेले. त्यांत चौदा हजारांवर मागे बसलेले होते. दुसरे हेल्मेट गाडीबरोबरच घ्या.

आणि १८ पूर्ण नसतील, तर हा लेख दोन वर्षांनी वाचावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. अब्बा परदेशात असले तर ही पाळी अम्मीवर येते, एवढे लक्षात असू द्या.

गाडी घेण्याची वेळही विचारात घ्या. निकाल लागतो तेव्हा आग्रह सुरू होतो आणि पाठोपाठ पाऊसही. जांभ्याचा चिखल, वळणावर वाहून आलेली खडी, सांडलेले डिझेल. शिकायला याहून वाईट महिने नाहीत. कोकणात राहणाऱ्यांनी सरळ पाऊस संपेपर्यंत थांबावे. तोवर लर्निंग लायसन्स निघते, निदान तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते, आणि साध्या गाडीवर हात बसतो. लर्निंगवर मित्राला मागे बसवता येत नाही, हेही मुलाला सांगून ठेवा. नवी गाडी आल्यावर सुट्टीच्या सकाळी शाळेचे रिकामे मैदान गाठा. ताशी तीसवर पुढचा-मागचा ब्रेक एकत्र दाबून थांबणे वीस वेळा, मग चाळीसवर. थांबायला किती जागा लागते, हे मुलाने पावलांनी मोजावे. ताशी ६० वर तर ब्रेक दाबायचा विचार मनात येऊन हात हलेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. ९० वर २५ मीटर.

शब-ए-बरातच्या रात्रीबद्दल दोन शब्द. मुंबईसह अनेक शहरांत त्या रात्रीआधी मशिदींतून आणि पोलिसांकडून पालकांना आवाहन करावे लागते, की मुलांना गाड्या घेऊन रस्त्यावर सोडू नका. इबादतीच्या रात्री तिघे-तिघे बसून चाके उचलत फिरणारी मुले कुणाची असतात? त्या रात्री चावी अम्मीकडे. हे खरेदीच्या वेळीच ठरलेले असले म्हणजे त्या संध्याकाळी वाद होत नाही.

शोरूममधून गाडी मिळण्याचा दिवस शक्यतो शुक्रवार किंवा ईदच्या आदला दिवस नको. घाई असते, गर्दी असते, मित्र जमलेले असतात. सकाळी जा. चेसिस नंबर, विम्याचा कागद, साडी गार्ड, आरसे, दोन्ही चाव्या तपासा. टायरवर नवेपणाचा गुळगुळीतपणा असतो, तो पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये जातो, तोवर गाडी वळणावर झुकवायची नाही. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा पाळायची आणि मग पहिली सर्व्हिसिंग. शोरूम चिपळूणला आणि घर दापोली-मंडणगडकडे असेल, तर त्या दिवशी गाडी चालवत आणायला घरातला सरावलेला माणूस पाठवा. मुलगा मागे बसेल, हेल्मेट घालून.